जुनेराची फॅशन : विटक्या टी-शर्टाची गोष्ट

कामं आवरली असतील तर बसून ऐका, नसतील आवरली तर हात चालू ठेवा आणि कान इकडे द्या.

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या गटाच्या छपाईच्या खोलीत शहरातले एक व्यापारी आले. त्यांनी मोबाइलवर एक फोटो दाखवला. काळा टी-शर्ट, छातीवर गोल नक्षी. पण नक्षीचा रंग उडालेला, अक्षरं अर्धी गेलेली, मधे मधे उन्हाळ्यातल्या शेतासारख्या भेगा. ते म्हणाले, "मला असाच माल पाहिजे. कापड नवं, पण दिसायला वीस वर्षं धुतल्यासारखं."

आमच्या गटातल्या सगळ्यात वयस्कर मावशी कोपऱ्यात घड्या घालत होत्या. त्या म्हणाल्या, "मग साहेब, नवं कशाला छापायचं? आमच्याकडं ट्रंकभर आहेत तसले. घेऊन जावा."

आम्ही सगळ्या हसलो. व्यापारीही हसले. पण त्यांनी पुढे सांगितलं ते हसण्यासारखं नव्हतं. छापून झालं की नक्षी पॉलिश पेपरने घासायची, आणि कापड विटकं दिसावं म्हणून त्यावर औषधाचा फवारा मारायचा. या कामाचे नगामागे बारा रुपये जादा. गटाला पैशाची निकड होती. बँकेचा हप्ता तोंडावर आला होता. तरी मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली. हे जुनेपणाचं खूळ आलं कुठून, ते करतात कसं, आणि करणाऱ्यांचं पुढे काय झालं, हे कळल्याशिवाय सही करायची नाही, असं मी ठरवलं. त्या आठ दिवसांत आणि नंतरही जे वाचलं, विचारलं, शिकले, ते आज तुम्हाला सांगते.

सुरुवात टी-शर्टापासून करू. हे मुळात आतून घालायचं वस्त्र. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून 'गंजीफ्रॉक' हा शब्द आहे. तो इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधल्या समुद्रातल्या गर्न्सी नावाच्या बेटावरून आला. तिथले कोळी लोकरीचे विणलेले अंगरखे घालत, त्यांना गर्न्सी फ्रॉक म्हणत. शब्द बोटीतून आपल्याकडे आला आणि त्याचा गंजीफ्रॉक झाला. टी-शर्टाचा जन्मही खलाशांमधलाच. १९१३ च्या सुमाराला अमेरिकेच्या नौदलाने खलाशांना गणवेशाच्या आत घालायला पांढरा, सुती, अर्ध्या बाह्यांचा, बिनबटणाचा बनियन दिला. तो पसरून ठेवला की इंग्रजी 'टी' अक्षरासारखा दिसतो, म्हणून टी-शर्ट. उन्हात काम करताना खलाशी वरचा सदरा काढून नुसत्या बनियनवर राहायचे. हेच शेतात आणि कारखान्यात राबणाऱ्यांनी उचललं. पण चारचौघांत नुसत्या बनियनवर फिरणं तिकडेही बरं दिसत नसे. १९५१ साली 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर' हा सिनेमा आला. त्यात मार्लन ब्रँडो हा देखणा नट अंगाला चिकटलेल्या टी-शर्टात दिसला आणि तरुणांनी आतलं कापड बाहेर आणलं.

छपाई मात्र त्याच्याही आधी सुरू झाली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, जुलै १९४२ मध्ये, अमेरिकेतल्या 'लाइफ' या मोठ्या मासिकाच्या मुखपृष्ठावर एका सैनिकाचं चित्र होतं. त्याच्या टी-शर्टावर हवाई दलाच्या गोळीबार-शिक्षण शाळेचं नाव छापलेलं होतं. १९४८ च्या अमेरिकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत थॉमस ड्यूई या उमेदवाराच्या प्रचाराचे टी-शर्ट निघाले. ड्यूई हरले, पण त्यांचा टी-शर्ट आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जपून ठेवला आहे. म्हणजे आपल्याकडे निवडणुकीत वाटतात त्या टी-शर्टांचा हा खापरपणजोबाच म्हणा.

आता छापायचं कसं? तुम्ही दारात छाप्याची रांगोळी काढता ना? पत्र्याच्या छाप्याला भोकं असतात. वरून रांगोळी फिरवली की भोकातून खाली पडते आणि फूल उमटतं. स्क्रीन प्रिंटिंगचं तत्त्व अगदी हेच. पत्र्याऐवजी लाकडी चौकटीवर ताणलेली बारीक जाळी असते. नक्षी असेल तिथली भोकं उघडी, बाकीची बुजवलेली. वरून रबराच्या पट्टीने, म्हणजे स्क्वीजीने, रंग ओढला की खालच्या कापडावर नक्षी. जपानमध्ये कागदाचे छापे कापून कापडावर नक्षी करायची कला शेकडो वर्षांची आहे. त्यालाच पुढे रेशमी जाळीची जोड मिळाली. १९०७ साली इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमन यांनी रेशमी जाळीच्या छपाईचं पेटंट घेतलं. पेटंट म्हणजे आपण काढलेल्या युक्तीवरचा सरकारी हक्क.

टी-शर्टाच्या छपाईला खरी गती मिळाली ती दोन गोष्टींनी. एक, १९५० च्या दशकाच्या शेवटी प्लास्टिसोल नावाचा रंग आला. दोन, एकामागून एक रंग छापता येतील असं गोल फिरणारं यंत्र आलं. मायकेल व्हॅसिलँटोन या अमेरिकी माणसाला त्याचं पेटंट १९६९ साली मिळालं. गल्लीबोळात छपाईची दुकानं निघाली, गाण्याच्या कार्यक्रमाला, कॉलेजला, मोर्चाला टी-शर्ट छापून मिळू लागले.

या प्लास्टिसोलची गोष्ट नीट समजून घ्या, कारण भेगांचं मूळ तिथे आहे. हा रंग साध्या हवेत वाळतच नाही. प्लास्टिकची बारीक भुकटी तेलासारख्या द्रवात मिसळलेली असते. कापडावर छापल्यावर त्याला साधारण १६० अंश सेल्सिअस उष्णता द्यावी लागते, तेव्हा तो वितळून एकजीव होतो. उष्णता कमी पडली तर काय होतं? भाकरी वरून भाजलेली दिसते आणि मोडली की आत कच्ची, तसं होतं. हाताला वाळल्यासारखं लागतं, पण दोन धुण्यांत नक्षी तडकते. त्या काळच्या दुकानांत कुठे भाजणं कमी पडायचं, कुठे रंगाचा थर जाड बसायचा. वर वर्षानुवर्षं धुणं, चोळणं, वाळवणं. म्हणून १९७० च्या दशकातले टी-शर्ट पुढे भेगाळले, पोपडे निघाले, रंग फिके झाले. हा दोष होता. ज्याने छापला त्याला त्यात काही भूषण वाटत नव्हतं.

मग दोषाची फॅशन कशी झाली? मला त्याची दोन कारणं दिसतात आणि दोन्ही आपल्या ओळखीची आहेत.

पहिलं कारण मऊपणा. आपल्याकडे बाळ जन्मलं की त्याला पहिल्यांदा नवं कापड घालत नाहीत. आजीच्या जुन्या लुगड्याचं जुनेर काढतात. नवं कापड खरखरीत, खळीचं. जुनेर शेकडो वेळा धुऊन लोण्यासारखं झालेलं. गोधडी शिवतानाही आपण जुनेरच शोधतो. चांगलं सुती कापड झिजताना मऊ होतं, आणि हा गुण खरा आहे, तो दुकानात मिळत नाही. अमेरिकेतल्या पोरांनाही तोच लागला.

दुसरं कारण आठवण. १९७० च्या आसपास तिकडे गाण्याचे प्रचंड मोठे कार्यक्रम व्हायचे, तिथे टी-शर्ट विकायचे. पंधरा वर्षांनी ज्याच्या अंगावर तो विटका टी-शर्ट असेल, तो माणूस न बोलता सांगायचा की मी तिथे होतो. आपल्याकडे पंढरीला पायी जाऊन आलेल्या पिशवीला जो मान, तसाच हा. त्याच काळात तिकडचे तरुण मुद्दाम सैन्याचे जुने कोट, कामगारांच्या जुन्या जीन पँटी बाजारातून घेऊन घालत. नवं कोरं घालणारे श्रीमंत, आणि आम्ही तसले नाही, हे त्यांना दाखवायचं होतं. पुढे जपानमधल्या हौशी लोकांनी अमेरिकेतले जुने कपडे शोधून शोधून नेले आणि त्यांचे भाव चढले. जुन्या मालाला 'व्हिंटेज' म्हणू लागले. हा शब्द मूळचा द्राक्षाच्या दारूचा. कोणत्या साली द्राक्षं तोडली त्यावरून दारूची किंमत ठरते, तसा जुन्या कपड्यालाही सालावरून भाव आला.

आता खरे जुने कपडे किती असणार? मोजकेच. आणि गिऱ्हाईक लाखो. मग व्यापाऱ्याने काय करावं? नव्यालाच जुनं करावं. इथून गोष्टीला वळण लागतं.

पण त्याआधी आपल्याच देशातली एक गंमत ऐका, कारण ती मला पुढे फार उपयोगी पडली. मद्रासकडे हातमागावर चौकडीचं सुती कापड विणतात. त्या काळी ते रंगवताना वापरलेले रंग पक्के नव्हते, प्रत्येक धुण्यात थोडे सुटायचे आणि एकमेकांत मिसळायचे. १९५८ साली विल्यम जेकबसन नावाचे अमेरिकी व्यापारी मुंबईत आले आणि कॅप्टन कृष्णन या निर्यातदाराकडून त्यांनी हे कापड घेतलं. कृष्णन यांनी बजावलं होतं की हे गार पाण्यात, अलगद धुवायचं. जेकबसन यांनी ते कापड ब्रुक्स ब्रदर्स या नामांकित दुकानाला विकलं, पण ही सूचना काही पुढे पोचली नाही. लोकांनी महागाचे सदरे घेतले, इतर कपड्यांसोबत यंत्रात टाकले, आणि सगळ्या कपड्यांना रंग लागला. तक्रारी झाल्या, वकिलांपर्यंत गोष्ट गेली. शेवटी कोणीतरी डोकं चालवलं. एका मासिकात लेख आला की हे भारतातलं हाताने विणलेलं अजब कापड आहे, प्रत्येक धुण्यात याचा रंग बदलतो. त्यानंतर रंग जाणार याची हमी देऊन तेच कापड विकलं गेलं आणि लोकांनी आवडीने घेतलं.

कापड तेच, रंग तोच. फरक एवढाच की आधी लपवलं होतं, नंतर सांगितलं. हे लक्षात ठेवा, शेवटी मी याच्याकडे परत येणार आहे.

तर नव्याला जुनं करायचं वेड पहिल्यांदा जोरात चाललं ते जीन पँटीवर. १९७० नंतर कारखान्यांत पँटी मोठ्या धुण्याच्या यंत्रात दगडांसोबत घुसळायला लागले. हे दगड ज्वालामुखीतून निघालेले, हलके, भोकाभोकांचे, आपण पाय घासायला वजरी वापरतो तसले. फ्रान्स, जपान, कॅनडा, सगळीकडचे लोक सांगतात की ही युक्ती आम्हीच काढली. मग दगड कोरडेच औषधात भिजवून घालायची रीत आली, त्याने ढगासारखे पांढरे डाग पडतात. १९८० च्या दशकात दगडांऐवजी सुताचा वरचा पापुद्रा खाणारं विकर वापरायला लागले. त्याने यंत्रं आणि कापड वाचलं. पण बाजाराला मांडीवर, गुडघ्यावर नेमक्या जागी झीज हवी होती. त्यासाठी वाळूचा मारा सुरू झाला.

दाबाच्या हवेच्या नळीतून बारीक वाळू पँटीवर मारायची. दोन-चार मिनिटांत पाच वर्षांची झीज. काम स्वस्त आणि झटपट. तुर्कस्तानात, विशेषतः इस्तंबूलच्या आसपास, हे काम लहान लहान खोल्यांत चालायचं. दारं-खिडक्या बंद, कारण धूळ शेजारी जायला नको. पोरं विशी-पंचविशीतली, बरीचशी गावाकडून आलेली, कागदावर नोंद नसलेली. नाकाला फार तर एक फडकं. वाळूतली सिलिका म्हणजे गारगोटीची बारीक धूळ फुफ्फुसात जाऊन बसते आणि फुफ्फुस आतून दगडासारखं घट्ट होत जातं. या आजाराला सिलिकोसिस म्हणतात. त्यावर औषध नाही. खाणीत हा आजार व्हायला सहसा कैक वर्षं लागतात. या पोरांना थोड्या महिन्यांच्या, दोन-तीन वर्षांच्या कामात तो झाला. २००५ च्या सुमाराला तिथल्या डॉक्टरांच्या हे लक्षात आलं. आजारी कामगारांनी आणि डॉक्टरांनी आवाज उठवला, आणि २००९ साली तुर्कस्तान सरकारने कपड्यांवर वाळूचा मारा करायला बंदी घातली. २०१० मध्ये लेव्हीज आणि एच अँड एम या मोठ्या कंपन्यांनीही हे काम बंद करत असल्याचं जाहीर केलं. पण एका देशात बंद झालेलं काम दुसऱ्या देशात गेलं. बांगलादेशात ते त्यानंतरही चालू असल्याचं कामगारांसाठी लढणाऱ्या संस्थांनी पुढे आणलं.

हे दूरचं वाटेल. पण सिलिकोसिस आपल्याला अनोळखी नाही. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात मंदसौरला पाटीवरच्या पेन्सिली करायचे कारखाने होते. तिथल्या कामगारांना याच धुळीने गाठलं. ज्या पेन्सिलीने देशातल्या पोरांनी बाराखडी गिरवली, ती कापणारी माणसं तरणीताठी गेली. वस्तू साधी असते, निरुपद्रवी दिसते. ती करताना कुणाच्या छातीत काय गेलं, ते वस्तूवर लिहिलेलं नसतं.

वाळूच्या जागी मग फवारा आला. त्यातलं औषध म्हणजे पोटॅशियम परमँगनेट. विहिरीचं पाणी शुद्ध करायला जांभळे खडे टाकायचे, आठवतात ना? तेच. चिमूटभर विहिरीत वेगळं, आणि बंद खोलीत दिवसभर त्याचा फवारा वेगळा. कापडाचा रंग खातं ते कातडीला सोडत नाही. डोळे, घसा, छाती, सगळ्याला त्रास. मोठ्या कारखान्यात हवा ओढून घेणारी यंत्रं, मास्क, हातमोजे असतात, असायला हवेत. आमच्या खोलीला एक खिडकी आणि एक टेबल फॅन. आमच्याकडे आलेल्या व्यापाऱ्यांच्या बाटलीवर नाव नव्हतं. मी नाव विचारलं तेव्हा हेच नाव कळलं.

तिसरा हिशेब पाण्याचा. आपण छापतो तो होजिअरीचा माल बहुतेक तमिळनाडूतल्या तिरुप्पूरहून येतो. देशातून बाहेर जाणाऱ्या सुती होजिअरीचं ते सगळ्यात मोठं ठिकाण. हजारो बायांना त्या गावाने काम दिलं. पण रंगवणं, रंग काढणं, धुणं, या सगळ्याचं पाणी नोय्यल नदीत गेलं. शेतीसाठी बांधलेलं ओरत्तुपालयम धरण रंगाच्या खारट पाण्याने भरलं आणि खालच्या शेतकऱ्यांची जमीन खराब झाली. शेतकरी कोर्टात गेले. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिथले रंगाचे कारखाने बंद करायचा आदेश दिला. घाण पाण्याचा एक थेंब बाहेर सोडायचा नाही, ही अट पाळेपर्यंत ते उघडायचे नाहीत. कामगारांचे हाल झाले, पण हे पाणी कुठे जातं हा प्रश्न तेव्हा टळला नाही. आमच्या खोलीचं सांडपाणी कुठे जातं? मागच्या नालीतून ओढ्याला. ओढ्यावर गुरं पाणी पितात. फवाऱ्याचं काम घेतलं असतं तर जादा बारा रुपयांत हा हिशेब कुणी धरला असता?

आता तुम्ही म्हणाल, मग काम नाकारलंच ना? नाही मैत्रिणींनो. पैसे आम्हालाही हवे होते. इथे छपाईच्या इतिहासातलाच एक धडा कामी आला. मला छपाई शिकवणाऱ्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका जुन्या कारागिराने तो एका वाक्यात सांगितला : "ताई, भेग काढायची असते, पडू द्यायची नसते."

म्हणजे काय? मोठ्या कारखान्यांनीही पुढे हेच केलं. कॉम्प्युटर आल्यावर नक्षीच अशी बनवायला लागले की तिच्यातच जुनेपण असेल. छापताना रंग पूर्ण भाजायचा, पक्का करायचा. भेगा, उडालेले ठिपके, फिकेपणा, हे सगळं चित्रातच. रांगोळीच्या छाप्याची काही भोकं आपणच आधी मेणाने बुजवली तर फूल अर्धवट उमटेल, तसं. चित्रातली भेग दहा धुण्यांनंतरही तेवढीच राहते. कच्च्या भाजणीची भेग दर धुण्याला वाढते आणि शेवटी गिऱ्हाईक तक्रार घेऊन येतं.

ही दुसरी भेग आम्ही सोसलेली आहे. आमचं पहिलंच मोठं काम एका दिंडीचं होतं. त्या दिवशी लाइटीचा दाब कमी, यंत्र नीट तापेना, आणि आम्हाला घाई. वारी निघायच्या आधीच टी-शर्ट तडकले. अर्धे पैसे परत करावे लागले आणि गटात दोन महिने एकमेकींशी नीट बोलणं नव्हतं. तेव्हापासून आमचा नियम आहे. छापलेला प्रत्येक पंचविसावा नग गार झाल्यावर दोन्ही हातांनी ताणून बघायचा. नक्षी तडकली तर भाजणी कच्ची. आणि दर कामातला एक नग पाच वेळा धुवायचा, मगच माल द्यायचा.

तर जुनेपण आणलं कसं, ते सांगते. आमच्या गटातल्या दोन मुलींनी घरचा टाकी लावलेला पाटा घेतला, वर पातळ कागद ठेवला आणि काळा खडू आडवा घासला. पाट्याचे खळगे कागदावर पांढरे राहिले. तसंच जुन्या दाराचा उडालेला रंग, भिंतीचा पोपडा, चुरगाळलेला कागद, यांचेही ठसे घेतले. मोबाइलवर फोटो काढून डीटीपीवाल्याकडे नेले. त्याने ते ठसे नक्षीवर ठेवून तेवढा भाग नक्षीतून वजा केला. ठिपके फार बारीक ठेवले तर जाळी धुताना ते टिकत नाहीत, हे दोनदा जाळी खराब केल्यावर कळलं. मग थोडे मोठे ठेवले आणि जाळी जास्त बारीक घेतली. बारीक जाळीतून रंगाचा थरही पातळ बसतो, हाताला जाड प्लास्टिक लागत नाही, जुनेरासारखं मऊ लागतं.

रंगातही फरक केला. काळ्या कापडावर एरवी आधी पांढरा थर देतात, मग वर रंग, म्हणजे रंग उठून दिसतो. आम्ही तो पांढरा थर दिलाच नाही. रंग आपोआप दबला. पांढऱ्यात चिमूटभर पिवळा आणि तपकिरी घालून तो ताकासारखा केला. रंगात पारदर्शक पेस्ट मिसळून फिका केला. आणि झीज कुठे दाखवायची, ते घरातल्या खऱ्या जुन्या टी-शर्टाकडे बघून ठरवलं. खरी झीज सगळीकडे सारखी नसते. पोटाच्या घडीवर जास्त, खांद्याजवळ कमी. नाव मात्र वाचता आलं पाहिजे, तिथे ठिपके कमी ठेवले. कापडाचा रंग काढून नक्षी उमटवणारी पेस्टही बाजारात मिळते. नक्षी फार मऊ येते, पण गरम करताना डोळ्यांना झोंबणारा वास निघतो. हवा खेळती नसेल तर ती घेऊ नका.

आठ दिवसांनी व्यापारी आले. त्यांच्यापुढे चार नमुने ठेवले. घासलेला एकही नाही, फवारलेला एकही नाही. त्यांनी बोटं फिरवली, ताणून बघितलं, उलटा करून बघितला. नक्षी त्यांना आवडली. पण कापडावरचे पांढरे ढग नसल्यामुळे त्यांनी अर्धंच काम दिलं, आणि जादा बारा रुपयांचे सात झाले. उरलेलं अर्धं ते दुसरीकडे घेऊन गेले.

त्या रात्री गटाची बैठक झाली. एकीने विचारलं, "आपण नाही म्हटलं म्हणून काय झालं? कुठंतरी कुणीतरी फवारणारच ना?" खरं आहे. त्या अर्ध्या कामाचं मला अजून वाईट वाटतं, पैशासाठी नाही, कुठल्या खोलीत कुठल्या बाईच्या हातात ती बाटली गेली असेल म्हणून. हप्ता आम्ही गटाच्या बचतीतून भरला. मावशी म्हणाल्या, "पैसा परत येतो गं. दम गेला तर येत नाही." त्यांचे मालक दगडखाणीत होते. आम्ही कुणी पुढे काही बोललो नाही.

आता मद्रासच्या कापडाकडे परत येते. आम्ही प्रत्येक टी-शर्टाला एक चिठ्ठी लावली. त्यावर लिहिलं की ही नक्षी मुद्दाम विटकी छापली आहे, रंग पक्का आहे, नेहमीसारखं धुवा. कारण दोष आणि गुण यांच्यात पुष्कळदा एवढंच अंतर असतं, की सांगितलं का लपवलं.

म्हणून माझं सांगणं एवढंच. छपाईचं, शिलाईचं, धुलाईचं काम करणाऱ्या गटांकडे असं 'व्हिंटेज'चं काम येईल तेव्हा घाबरू नका आणि हुरळूनही जाऊ नका. तीन प्रश्न विचारा. हे जुनेपण नक्षीत आहे की आपल्या अंगावर घ्यायचं आहे? बाटलीवर नाव आहे का? पाणी कुठे जाणार? तिन्हींची उत्तरं नीट मिळाली तर काम घ्या आणि चांगलं करा. विटकं कापड आपण जन्मभर वापरलं, त्यातला मऊपणा कशाने येतो ते आपल्याला कुणी शिकवायला नको. ते ज्ञान आता बाजाराला हवं आहे, तर त्याचे दाम घ्यायचे. पण त्यासोबत दम द्यायचा नाही.

तुमच्या गटाकडे असं काही काम आलं असेल, फसगत झाली असेल किंवा चांगली युक्ती सापडली असेल, तर केंद्रावर येऊन सांगा. पुढच्या वेळी तुमच्याच तोंडून ऐकू. तोवर नमस्कार.